आवाज वाट चुकते, मामा!

वाशीमच्या पाटणी चौकात ‘लॅपटॉपचा आवाज गेला’ असं कुणी नुसतं पुटपुटलं, तरी भाऊ हातातला चहा खाली ठेवतात. पडदा फुटला, बॅटरी फुगली, कीबोर्डवर पाणी सांडलं, असल्या दुखण्यांत त्यांना रस नाही. ती गिऱ्हाइकं ते शेजारच्या दुकानात पिटाळतात. पण मशीन धडधाकट आहे, चित्र स्वच्छ आहे, व्हिडिओतला माणूस तोंड हलवतोय आणि आतले स्पीकर मात्र ढिम्म, असा रोगी आला की भाऊ बाह्या सरसावतात.

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० वाऱ्यावर सोडलं आणि भाऊंची सुगी सुरू झाली. नवं विंडोज पेलणार नाही अशा जुन्या लॅपटॉपांवर त्यांनी धडाधड लिनक्स मिंट चढवलं. पैसे घेत नाहीत. त्याऐवजी ऐकून घ्यावं लागतं, आणि ते महाग पडतं.

परवा रिसोडकडचे एक कृषी केंद्रवाले मामा आले. सोयाबीनच्या भावाचा व्हिडिओ मुका झाला होता.

“भाऊ, आवाजच येऊन नाई राह्यला.”

“आवाज कुठी जात नसते मामा, वाट चुकते. अकोल्याले जायाचं आन् हिंगोलीच्या गाडीत बसला, तसं. कधी कधी तं तो एचडीएमआयनं टीव्हीकडं निंगते.”

“टीव्ही तं घरी हाय!”

“मशीनले काय मालूम?”

इथे मात्र टीव्हीचा प्रश्नच नव्हता. सेटिंगमध्ये आवाजापुढे ‘हेडफोन’ असं ठळक लिहिलेलं होतं आणि हेडफोन तर कुणीच लावले नव्हते. दुसऱ्या कुणी हेडफोनच्या भोकात डोकावून पाहिलं असतं. भाऊ कर्नलपासून सुरुवात करतात. तळाशी अल्सा, म्हणजे साउंड कार्डाशी थेट बोलणारा. त्याच्यावर पूर्वी पल्सऑडिओ होता, आता पाइपवायर आला. उबुंटूने तो २०२२ च्या ऑक्टोबरात घेतला, मिंटने २०२४ मध्ये. पल्सऑडिओ लिहिणाऱ्या लेनार्ट पोटरिंगशी भाऊंचं जुनं वैर आहे. पोटरिंगला त्याची अजून खबर नाही. मामा मान डोलवत होते. त्यांची शेवटची बस साडेसातची होती.

शेवटी काळी खिडकी उघडली. भाऊंनी ‘अल्सामिक्सर’ टंकलं, एफ ६ दाबून खरं कार्ड निवडलं (नाहीतर माणूस तासभर एचडीएमआयचेच खांब वरखाली करत बसतो, हे त्यांचं म्हणणं मात्र शंभर टक्के खरं) आणि पडद्यावर उभे खांब आले. ‘मास्टर’ काठोकाठ भरलेला. ‘स्पीकर’च्या पायाशी ‘एमएम’, म्हणजे तोंड बंद. भाऊंनी एम दाबलं, तिथे दोन शून्यं आली. आवाज नाही. मग ते उजवीकडे सरकत सरकत ‘ऑटो-म्यूट’पाशी पोचले. हेडफोन लागल्याचं कळलं की स्पीकर आपोआप गप्प करायचे, हे त्याचं काम. भाऊंनी ते बंद केलं, ‘स्पीकर-टेस्ट’ चालवलं, आणि लॅपटॉपातून एक बाई खणखणीत म्हणाली, “फ्रंट लेफ्ट!”

“बाप्पा!” मामा उठूनच उभे राहिले. मग पुन्हा बसले. “पन भाऊ, हेडफोन लागलेच नाई, तं त्याले लागल्यावानी काऊन वाटते?”

हा प्रश्न भाऊंना आवडला नाही. तरी त्यांनी लॅपटॉप बंद केला, मोबाइलची बत्ती भोकावर धरली आणि दात कोरायच्या लाकडी काडीने हलकेच खरवडलं. सोयाबीनच्या कुटाराचा एक पिवळा तुकडा टेबलावर पडला. मळणीच्या दिवसांत हा लॅपटॉप दुकानाच्या उघड्या ओट्यावर होता. आतली बारीकशी पट्टी त्या तुकड्याने दाबून धरली होती, म्हणून मशीन हेडफोन आहे असं समजून बसलं होतं.

“म्हंजे कचरा व्हता,” मामा म्हणाले.

“हार्डवेअर इश्यू,” भाऊ म्हणाले आणि ऑटो-म्यूट पूर्ववत केलं.

मामांचा जीव भांड्यात पडला. “आता एखांदं भजन लावा भाऊ. चांगलं आयकून तं पाहू.”

भाऊंच्या मशीनमध्ये एकही गाणं नाही. कधीच नव्हतं.

“भजन कायले पाह्यजे?” म्हणत त्यांनी पुन्हा एंटर दाबलं, डोळे मिटले, आणि बाई डावीकडून उजवीकडे जाईपर्यंत समेची वाट पाहावी तशी मान धरून बसले.