टेबलावरचं विमान

डेटन, ओहायो
रविवार

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचे चिरंजीव सुखरूप आहेत, विमान नाही. फोनवर त्यांनी ‘थोडं खरचटलंय’ एवढंच सांगितलं असणार, म्हणून हे पत्र.

नाताळापासून आषाढापर्यंत जेवणाचं टेबल त्यांच्या ताब्यात होतं आणि आम्ही सोफ्यावर ताटं मांडीवर घेऊन जेवत होतो. टेबलावर विमानाचा नकाशा, त्यावर प्लास्टिक, त्यावर बाल्सा लाकडाच्या फासळ्या, आणि त्या हलू नयेत म्हणून माझ्या शिवणाच्या डब्यातल्या झाडून साऱ्या टाचण्या. बाल्सा इतकं हलकं की कुणी शिंकलं तर पंख खाली. “थर्मोकोलचं तयार विमान मिळतं की,” असं मी एकदाच म्हटलं. लूमवर बसलेल्याला बाजारातून तयार लुगडं आण म्हणावं, तसं माझ्याकडे पाहिलं.

त्यात हे गाव राइट बंधूंचं. त्यांच्या 1903 च्या विमानाच्या पंखांवर मलमल ताणली होती, हे कळल्यापासून यांना वाटतं की विमानविद्या आपल्या बुऱ्हाणपूरच्या विणकरांच्या रक्तातच आहे. आता मात्र कापड नाही, रंगीत फिल्म चढवतात. इस्त्रीनं काठ चिकटवायचे, मग मधे जास्त गरम इस्त्री फिरवली की फिल्म आकसते आणि ढोलकीसारखी ताणून बसते. इस्त्री कुणाची, हे सांगायला नको. आई, तुम्ही दिलेल्या महेश्वरीवर आता टोमॅटो रंगाचा एक पट्टा आहे.

पंख झाला त्या दिवशी बाबांनी व्हिडिओवर पाहिला आणि म्हणाले, “उजवीकडं ताण जास्त बसलाय रे, पीळ पडेल.” चिरंजीव हसले. “बाबा, हा लूम नाही.” चाळीस वर्षं ताणा-बाणा बघितलेल्या माणसाला असं बोलू नये, पण मी मधे पडले नाही. टेबल सुटायची वेळ जवळ आली होती.

मग तोल. पंखाच्या खाली दोन बाजूंना दोन बोटं लावून विमान उचलायचं, पुढच्या कडेपासून तीनेक इंचांवर. आडवं राहिलं तर ठीक. शेपूट खाली गेलं तर हवेत आवरत नाही. आपलं शेपूट गेलंच. नाकात वजन हवं होतं. आई, निघताना तुम्ही मुलांच्या हातावर ठेवलेली दहाची नाणी आठवतात? चार नाकात बसली. मुलं अजून रुसलेली आहेत.

सरकारदरबारी नोंदही केली. 250 ग्रॅमच्या वरचं विमान असेल तर इथं पाच डॉलर भरून तीन वर्षांसाठी नंबर घ्यावा लागतो आणि तो विमानाच्या अंगावर बाहेरून लिहावा लागतो.

काल मैदानावर गेलो. नारळ फोडायचा होता, पण दुकानात किसलेलाच मिळाला. तोच चिमूटभर वाहिला. आणि आई, उडालं हो! खरंच देखणं उडालं, पोरं नाचली. फक्त राहून राहून उजवीकडं कलत होतं. बाबा, तुमचीच आठवण झाली, पण मी तोंड उघडलं नाही. मग वळून ते आमच्याकडे यायला लागलं. विमान समोरून येताना डावं-उजवं उलटं होतं. जो पंख खाली, त्याच बाजूला रिमोटची दांडी ढकलायची. हे चिरंजीवांनी महिनाभर आंघोळ करताना मोठ्यानं पाठ केलं होतं. ऐन वेळी दांडी दुसरीकडं गेली आणि विमान सोयाबीनच्या शेतात. आपल्या केळीच्या बागेत हरवलेलं वासरू शोधावं तसं तासभर शोधलं. नाणी चारही मिळाली.

उड्डाण 41 सेकंदांचं. ऑर्व्हिल राइटचं पहिलं 12 च सेकंदांचं होतं, असं गाडीत तीनदा ऐकवून झालं. ऑर्व्हिल स्वतः त्या विमानावर पालथा पडून होता आणि त्याच दिवशी विल्बरनं 59 सेकंद उडवलं होतं, हे मी इथल्या म्यूझियममध्ये वाचलंय. बोलले नाही.

रात्री मोडका पंख मांडीवर घेऊन बसले होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, “बाबांचा व्हिसा कधी होतोय?” तेव्हा बाबा, लवकर या. पंख तुम्हीच ताणायचा आहे. येताना दराबा आणा.

तुमची सून

ता. क. नवी इस्त्री घेतली आहे. ती कपाटात असते आणि किल्ली माझ्याकडे.