मावळातले आदर्श आहारधोरण

परदेशी निघालेला चिनी पर्यटक म्हणे बॅगेत झटपट नूडल्सचे पुडे कोंबतो. त्याने लोणावळ्याला मात्र हात हलवत यावे. टायगर पॉइंटच्या धुक्यात, निळ्या ताडपत्रीखाली मॅगी उकळतच असते. वाटेत मावळभर इंद्रायणी भाताची खाचरे डोलतात. त्यांच्याकडे पाठ करून सेल्फी घेण्याची उत्तम सोय आहे.

आमच्या पर्यटकाची निष्ठा खरोखर वंदनीय. स्वित्झर्लंडच्या बर्फात त्याला पिठलं-भाकरी लागते आणि पिठलं-भाकरीच्या मुलखात चायनीज भेळ. (ती काय असते, हे चिनी पाहुण्याला आपणच समजावून सांगायचे.) जिथे जे पिकते ते तिथे न खाणे, यालाच पर्यटन म्हणतात.

तेव्हा वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने आता जागे व्हावे. इंद्रायणी देऊन कित्येक वर्षे झाली. पुढचा वाण दोन मिनिटांत शिजणारा हवा, मसाल्याची पुडी लोंबीलाच लटकलेली. चिखलणी नको, आवणी नको. शेतकऱ्याची हरकत नसावी. त्याचा मुलगा आवणी टाकून टायगर पॉइंटवर मॅगीच उकळतो आहे.

इंद्रायणीचा भात हवा असलेल्यांनी पुण्यातल्या मॉलमध्ये चौकशी करावी.