मूळव्याध

आमच्या सोसायटीत त्यांना सगळे मूळव्याध म्हणतात. तोंडावर. नाव ठेवलं कॉलेजच्या पोरांनी. काका आता भडकणार म्हणून पोरं जिन्यात दबा धरून बसली, तर काका उलट खूश. "व्याध म्हणजे शिकारी. मुळांची शिकार करतो तो मूळव्याध. षष्ठी तत्पुरुष!" तेव्हापासून काकू मात्र हळदीकुंकवाला गेल्या की आडनावच सांगतात.

खांदा कॉलनीत असा गृहस्थ सेक्टरागणिक एखादा तरी सापडतो. रिटायर झालेला, गुडघे शाबूत, सकाळी खांदेश्वराच्या तळ्यापर्यंत फेरी मारणारा. बाकीच्यांना शुगर असते, याला व्युत्पत्ती.

परवा वडापावच्या गाडीवर उभे होते. "पाव पोर्तुगीज. आतला बटाटा पोर्तुगीज. मिरचीसुद्धा त्यांच्याच गलबतातून उतरलेली. यात तुझं स्वतःचं काय रे?"

"तुमची उधारी," गाडीवाला म्हणाला.

काकांनी ते ऐकलंच नाही. समोर एक कुत्रं त्यांच्या वड्याकडे टक लावून बसलं होतं. दुसरा खात असताना असं आशाळभूतपणे बघत राहण्याला जुन्या स्कॉटिश बोलीत 'ग्रोक' म्हणतात, हे त्यांनी कुत्र्यालाच सांगितलं. सांगून होईपर्यंत वडा कुत्र्याकडे गेला होता.

या सगळ्या उद्योगाचं भांडवल म्हणजे 'हॉब्सन-जॉब्सन'. यूल आणि बर्नेल या दोघा साहेबांनी 1886 साली काढलेला, इंग्रजीत घुसलेल्या हिंदुस्थानी शब्दांचा कोश. काकांच्या प्रतीला गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचं कव्हर आहे. मलपृष्ठावर ऑगस्ट, आणि त्यात दुधाचे खाडे. नावाचीच गंमत बघा: मोहरमच्या मिरवणुकीतलं "या हसन, या हुसेन" गोऱ्या शिपायांच्या कानांना 'हॉब्सन-जॉब्सन' असं ऐकू आलं! डंगरी म्हणजे आपल्या डोंगरीचं जाडंभरडं कापड. मुंगसाचं मोंगूस झालं. देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघता बघता सोल्जर कंटाळून भ्रमिष्ट व्हायचे, म्हणून इंग्रजीत डोकं फिरलेल्याला 'डूलॅली' म्हणतात. हे ऐकताना मी कोथिंबीर आणायला निघालो होतो हे साफ विसरलो, हेही कबूल करतो. माणूस बोअर नाही. वेळ चुकीची निवडतो, इतकंच.

उदाहरणार्थ, सोसायटीची पाण्यावरची मीटिंग. टँकर येईना, तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी रडकुंडीला आलेल्या. काका उठले. "मुळात टँक हा शब्द आपला. गुजरातीत टांकी, मराठीत टाकं. शिवनेरीवरची गंगा-जमुना टाकी आठवा! पोर्तुगीजांचा 'तांक' मध्ये येतो तो वाद वेगळा. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी रणगाडा बनवला तेव्हा गुपित फुटू नये म्हणून सांगितलं, पाण्याच्या टाक्या बनतायत. तेच नाव चिकटलं."

सेक्रेटरी हताशपणे म्हणाले, "म्हणजे तिथेही टाकी सांगितली आणि पाणी आलंच नाही."

स्तुती करण्याचीही सोय नाही. शेजारच्या सूनबाई सहज म्हणाल्या, "काका किती नाइस आहेत!" लगेच धडा: नाइसचं मूळ लॅटिन, अर्थ अडाणी. उलट 'सिली' म्हणजे जुन्या इंग्रजीत भाग्यवान, पुण्यवान. हल्ली त्या काकांना मनापासून सिली म्हणतात. दोघंही समाधानी आहेत.

घरी मात्र शिकारीचीच शिकार होते. काल दार उघडं होतं, म्हणून ऐकू आलं. काका सांगत होते, "लॉर्ड म्हणजे मूळचा 'ह्लाफवेअर्ड', पावाची राखण करणारा. लेडी म्हणजे 'ह्लॅफडिगे', पीठ मळणारी. ह्लाफ म्हणजे आजचा लोफ, पाव. बघ, तुझा मान केवढा जुना!"

"मळायला कणीक संपलीय," आतून आवाज आला. "राखणदारांनी दळण घेऊन यावं. डबा दाराशी ठेवलाय."

सहा वाजता काका डबा घेऊन गिरणीकडे जाताना दिसले. साडेआठला आमची बेल वाजली. दारात काकू, हातात पातेली.

"दोन वाट्या कणीक आहे का हो? आमचे लॉर्ड अजून गिरणीतच आहेत."