ओलावा किती टक्के?

धाडचं पोरगं बी.ए.च्या पुढं शिकायला निघालं की त्याच्यापुढं दोन विद्यापीठं असतात. बुलडाणा जिल्हा अमरावती विद्यापीठात मोडतो, म्हणून कागदावर आपलं ते अमरावतीचं. पण गाव जिल्ह्याच्या पार कडेला, थोडं पुढं गेलं की जालना जिल्हा लागतो. त्यामुळे एसटीच्या हिशेबानं आपलं ते छत्रपती संभाजीनगरचं. मी दुसरं धरलं. पाहुण्यांना सांगताना मी 1958 सालचं विद्यापीठ, डोंगराच्या पायथ्याचा परिसर, मोठं ग्रंथालय अशी भारदस्त कारणं देतो. खरं कारण म्हणजे डबा. आईनं सकाळी एसटीत ठेवलेली भाकर संभाजीनगरला त्याच दिवशी खाता येते. अमरावतीला ती पोचेपर्यंत तिच्यावरच प्रबंध लिहावा लागला असता.

मेसचे पैसे महिन्याचे द्यावे लागतात आणि रविवारी संध्याकाळी मेस बंद असते. ही प्रथा कोणी सुरू केली माहीत नाही, पण त्यानं विद्यार्थीदशा पाहिलेली नसावी. म्हणून आमच्या खोलीत रविवारी ठेच्याला चलनाचा दर्जा असतो. हिंगोलीचा मित्र एका भाकरीवर जुनी उधारी सोडतो, बीडचा मात्र रोखीचा माणूस आहे. पाचशेची एक नोट आमच्या खोलीत कायम फिरत असते. ती मूळ कोणाची, हे आता कोणीच सांगू शकत नाही. तिच्यावर प्रत्येकाचं कर्ज आहे आणि प्रत्येकाला ती येणंही आहे. अर्थशास्त्राचा एक विद्यार्थी शेजारच्या खोलीत राहतो, त्याला हिशेब विचारला तर तोही तीच नोट उसनी मागून गेला.

मधे मी ‘कमवा व शिका’ योजनेत नाव घातलं. काम मिळालं बागेतलं गवत काढायचं. अभिमानानं घरी फोन केला.

“काय करतो म्हणे?”

“निंदतो.”

पलीकडे बराच वेळ शांतता. मग बाबा म्हणाले, “लेका, हेच करायचं होतं तं आपल्या वावरात तन काय कमी होतं?”

बाबांचं वावर म्हणजे सोयाबीन. 2024-25 च्या हंगामाला केंद्रानं क्विंटलला 4,892 रुपये हमीभाव जाहीर केला, तेव्हा मी मनातल्या मनात मेस, खोलीभाडं आणि एक जीन्स एवढं सगळं बसवून टाकलं. बाजारात भाव त्याच्या बराच खाली. सरकारी खरेदीत जावं तर ओलावा 12 टक्क्यांच्या आत हवा, आणि आभाळ भरलेलं. नोव्हेंबरात ती मर्यादा 15 टक्क्यांवर नेली, तेव्हा आमच्या खोलीत निकाल लागल्यासारखा आनंद झाला. मला बी.ए.ला किती टक्के पडले हे घरात कोणाला आठवत नाही. अंगणात पसरलेल्या सोयाबीनचा ओलावा मात्र आजीलाही दशांशासकट पाठ.

मेसवाल्या काकांना मी सांगून ठेवलं होतं, “सोयाबीन विकलं की देतो.” काका भले माणूस, थांबले. दिवाळीला गावी गेलो तर किराणा दुकानदार चहा पाजून विचारू लागला, “भाऊ, शिष्यवृत्ती कवा येते?” माझ्या अभ्यासाची एवढी काळजी पाहून मी गहिवरलो. मग कळलं, बाबांनी वर्षाचा किराणा “पोराची शिष्यवृत्ती आली की देतो” या बोलीवर उचलला होता.

म्हणजे तिकडचा दुकानदार माझ्या भरवशावर, इकडचे काका बाबांच्या. आणि आम्ही बापलेक फोनवर एकमेकांना ‘काही लागलं तर सांग’ म्हणतो.

काका आता ताट वाढताना बाजारभाव विचारतात, पाऊस आला की आधी माझ्याकडे बघतात. किराणावाला त्यांच्याही पुढं गेला. त्यानं माझ्या शिष्यवृत्तीच्या अर्जाचं लॉगिन आणि पासवर्ड लिहून घेतला आहे आणि रोज दुकान उघडलं की स्वतःच तपासतो. परवा मला पासवर्ड आठवेना, तेव्हा मी त्यालाच फोन लावला.