आयडी प्लीज

खांदेश्वर स्टेशनातून बाहेर पडल्यापासून घराच्या फाटकापर्यंत मला एकतीस झाडं लागतात. मोजलीत मी. पण कुठे बोललो नाही. आमच्या भागातल्या वृक्षप्रेमींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी पाच वर्षं आहे आणि पाच वर्षांत तिथे एकच शब्द लिहिलाय. तोही नंतर डिलीट केला.

त्याचं असं झालं. ग्रुपवर आल्याच्या दुसऱ्याच दिवशी कोणीतरी एका झाडाचा फोटो टाकला. उंच, सरळसोट, झालरीसारखी पानं खाली सोडलेलं. खाली ‘आयडी प्लीज’. नव्या माणसाला वाटतं, पेपर सोपा आलाय. मी लिहिलं, ‘अशोक’. चौदा सेकंदांत उत्तर आलं, ‘अशोक??’ पाठोपाठ एकाने समजावलं की सोसायटीच्या कंपाउंडला रांगेत उभा असतो तो आसुपालव. सीतेचा अशोक निराळा, डेरेदार, केशरी फुलांचे गुच्छ येणारा. दुसऱ्याने दोन्हींची लॅटिन नावं दिली. तिसऱ्याने नुसतेच हात जोडले, ते झाडाला की मला, हे अजून कळलेलं नाही. मग लंकेत सीतामाई नेमकी कोणत्या झाडाखाली बसली होती यावर रात्री साडेअकरापर्यंत खल चालला. मी मेसेज काढून टाकला, पण ‘हा मेसेज डिलीट केला गेला आहे’ ही ओळ मागे राहिलीच. झाड तोडलं तरी बुंधा राहतो तशी.

तेव्हापासून मी मौनात आहे. मुलीने सांगितलं, बाबा, यात लाजायचं काही नाही, याकोब निल्सन म्हणून एका डॅनिश तज्ज्ञाने 2006 मध्येच लिहून ठेवलंय की अशा ठिकाणी नव्वद टक्के लोक नुसते वाचतात, नऊ टक्के अधूनमधून तोंड उघडतात आणि एक टक्का माणसं सगळी बडबड करतात. आमच्या ग्रुपवर 412 सभासद. एक टक्का म्हणजे चार. मी मनातल्या मनात नावं घेतली आणि त्या डॅनिश माणसाला दंडवत घातला. बरोब्बर चारच.

एक ॲडमिन. दुसरे लॅटिनवाले. तिसऱ्या एक ताई, ज्या रोज पहाटे जपानमधल्या चेरीच्या बहराखाली ‘शुभ सकाळ’ लिहून पाठवतात. आणि चौथे करंजकाका. काका कुठल्याही फोटोला ‘करंज’ म्हणतात. पान दाखवा, शेंग दाखवा, नुसती साल दाखवा, करंज. आमच्याकडे रस्त्याकडेला करंज इतके आहेत की महिन्यातून दोन-तीनदा ते बरोबरही येतं. त्या दिवशी काका स्वतःच स्वतःला अंगठा देतात.

मी हसतोय खरा, पण मला झाडांमधलं जे काही कळतं ते या चौघांच्या भांडणांतून. दसऱ्याला बाजारात सोनं म्हणून जे ढीग येतात त्यात कांचनाची पानं किती घुसवलेली असतात, ते मला इथेच कळलं. आपट्याचं पान लहान, लांबीपेक्षा रुंदीला जास्त आणि हाताला खरबरीत. कांचनाचं मोठं आणि मऊ. आता दसऱ्याला कोणी पान हातावर ठेवलं की मी आधी अंगठ्याने चाचपतो. बायको म्हणते, सोनाराकडे जन्मायला हवं होतं. ताम्हण हे आपलं राज्यफूल, हेही इथलंच. वैशाखात तळपत्या उन्हात तो जांभळा फुलतो आणि खाली उभं राहून लोक रिक्षावाल्याशी भाड्यावरून हुज्जत घालतात. वर कोणी बघत नाही.

सगळ्यात मजा वाटली ती झाडांच्या मूळ गावांची. आमचा नोड, म्हणजे नव्या शहराचा हा तुकडा, सिडकोने वसवला. माणसं आली कोल्हापूर-साताऱ्याकडून, कोकणातून, पार उत्तरेतून. झाडांचंही तेच. गुलमोहर मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष दक्षिण अमेरिकेकडचा. ‘तुमचं मूळ गाव कुठलं?’ हा आमच्या लिफ्टमधला पहिला प्रश्न झाडांनाही तितकाच लागू. राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांच्या पुढच्या झाडाला वारसा वृक्ष म्हणतात. हे वाचून एकाने उत्साहाने आपल्याकडच्या वारसा वृक्षांची यादी करू या म्हटलं, तेव्हा कोणीतरी आठवण करून दिली की अहो, सिडकोच मुळी 1970 ची, आपला नोड कुठला पन्नाशीचा? गावठाणात आणि खांदेश्वराच्या देवळाकडे बघा म्हणे. यादीचं काम तिथेच थांबलं.

काम थांबणं हा आमचा स्थायीभाव आहे. फोटो ओळखायचा असला की उत्तरांचा पाऊस, आणि एकदा झाडाला लावलेल्या तोडणीच्या नोटिशीचा फोटो टाकून ‘लेखी हरकत कोण लिहील?’ असं विचारलं तर 412 निळ्या टिकांखाली अशी शांतता पसरली की मला वाटलं नेट गेलं. अर्ध्या तासाने शांतता भंगली. करंज नाही, शिरीष आहे, असं लॅटिनवाल्यांनी काकांना सांगितलं होतं.

मध्यंतरी ॲडमिनच्या डोक्यात खिळे शिरले. म्हणजे झाडांतले खिळे काढायचे. हे लोण पुण्याकडचं. तिकडे ‘अंघोळीची गोळी’ नावाच्या संस्थेने ‘खिळेमुक्त झाडं’ अशी मोहीम चालवली. नाव विनोदी, काम नाही. विद्रूपीकरण रोखणारा 1995 चा कायदाही आहे आणि त्यात भिंती-खांबांच्या जोडीला झाडही येतं, हे ॲडमिननी लिहिलं. मग पोल टाकला. रविवारी सकाळी सात. पर्याय तीन : येणार, प्रयत्न करणार, मनाने सोबत. ‘मनाने सोबत’ला त्रेसष्ट मतं पडली.

मी मत न देताच गेलो. प्रत्यक्षात नऊ जण होतो. ॲडमिन होते, करंजकाका होते, बाकी सहा चेहरे अनोळखी. मी शेजारच्याला विचारलं, “तुम्ही ग्रुपवर आहात?”

“हो. तुम्ही?”

“हो.”

एवढं बोलून आम्ही दोघंही दमलो आणि कामाला लागलो.

स्टेशनच्या रस्त्यावर एक जुना पर्जन्यवृक्ष आहे. संध्याकाळी पानं मिटून घेतो. त्याच्या अंगावर इतकं साहित्य ठोकलेलं होतं की साल शोधावी लागली. पेइंग गेस्ट फक्त लेडीज. दहावी गणित, खात्रीने. पॅकर्स अँड मूव्हर्स. केस गळतात? हातोडीचा मागचा चिमटा घालून खिळा हळूच उचकटायचा, नाहीतर साल सोलवटते. नवे खिळे कुरकुरत येतात. जुने येतच नाहीत. झाडाने त्यांच्याभोवती ओठ मिटलेले असतात. आतला निघाला तर गंजाने काळा पडलेला आणि टोकाला ओलसर. काका प्रत्येक खिळा पिशवीत टाकताना आकडा मोठ्याने म्हणत होते.

एकशे बारा म्हणाले आणि गणिताची पाटी निघाली. तिच्यामागे आणखी एक होती, पत्र्याची, पांढऱ्यावर निळा ऑइलपेंट, डावी बाजू सालीत बुडालेली. माझ्या अगदी नाकासमोर.

झाड वाढतं ते शेंड्याकडे; बुंध्यात ठोकलेला खिळा आयुष्यभर त्याच उंचीवर राहतो. हे ज्ञान मला ग्रुपवरच मिळालं होतं आणि त्या क्षणी ते मिळालं नसतं तर बरं, असं वाटलं. कारण 2011 साली सासऱ्यांचा वन रूम किचन भाड्याने द्यायचा होता तेव्हा मी खिळा ठोकला होता तो माझ्या नाकासमोरच. अक्षर माझं. ‘देणे आहे’ मधला ‘णे’ मी अजून तसाच काढतो. खाली मोबाइल नंबर, त्याचे पहिले चार आकडे झाडाने गिळलेले, शेवटचे सहा ठणठणीत.

नंबर मी अजून बदललेला नाही.

मी पाटीवर हात ठेवून उभा राहिलो. निघत नाहीये म्हटलं, राहू दे, झाडाला इजा होईल. माझ्या तोंडून एवढी वृक्षप्रेमी वाक्यं एका दमात कधी निघाली नव्हती. ॲडमिननी प्रेमाने मला बाजूला केलं, चार कोनांतून फोटो काढले आणि तिथल्या तिथे ग्रुपवर टाकले. ‘चौदा वर्षांपूर्वीची तरी असावी. झाडाने पाटी खाल्ली! मालक आपल्यातलेच कोणी आहेत का? आयडी प्लीज.’

खिशात फोन थरथरला. नऊ जणांचे नऊ थरथरले. लॅटिनवाल्यांनी घरबसल्या उत्तर दिलं की सहा आकड्यांवरून सभासदांची यादी चाळायला दहा मिनिटं पुरतील, चहा घेऊन बसतो. ताईंनी डोळे वटारलेला चेहरा टाकला. मी फोन उघडला, ‘मी’ एवढं लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. वर सगळ्यांना माझं नाव दिसू लागलं असणार, टायपिंग, टायपिंग. शेजारचा मौनी सभासद माझ्या फोनकडे बघत होता, मग पाटीकडे, मग त्याने खाली वाकून बुटाची नाडी बांधायला घेतली. बुटाला नाडी नव्हती.

तेवढ्यात माझ्या मेसेजच्या आधी एक मेसेज येऊन पडला. दोन हातांच्या अंतरावर उभे राहून, पिशवी काखेत मारून, चष्मा कपाळावर सरकवून करंजकाकांनी फोटो नीट मोठा करून पाहिला होता आणि लिहिलं होतं, ‘करंज’.