दहा गुंठ्यांतलं अरण्यपर्व

मीरा रोडला वन बीएचके आणि उत्तनला दहा गुंठे वाडी, अशी ज्यांच्या आयुष्याची वाटणी झाली आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. वाडी शक्यतो वडिलोपार्जित असावी. विकत घेतलेल्या वाडीचा मालक हिशेब मांडत बसतो आणि हिशेब मांडणाऱ्याच्या हातून झाडं लावली जात नाहीत. वडिलोपार्जित वाडीच्या सातबाऱ्यावर सात-आठ नावं असतात. त्यांतला जो रविवारी सकाळी भाईंदर स्टेशनवरून उत्तनची बस पकडायला तयार होतो, तो आपोआप व्यवस्थापक ठरतो. उरलेले सल्लागार.

कामाला लागण्यापूर्वी मूळ सिद्धान्त पक्का करावा. वाडीतलं लाकूड जाळण्यासाठी नसतं. ते वाढवायचं, तोडायचं, फोडायचं, रचायचं, झाकायचं आणि आल्यागेल्याला दाखवायचं असतं. फ्लॅटमध्ये पाइपचा गॅस आहे, बाथरूममध्ये गीझर आहे, आजीचा तांब्याचा बंब घासूनपुसून हॉलमध्ये छत्र्या ठेवायला लावला आहे. अशा स्थितीत सरपण ही गरज राहत नाही, साधना होते.

आता झाडं. वाडीच्या कडेला खाडीचं पाणी येत असेल आणि तिथे तिवरं असतील, तर लांबूनच नमस्कार करून मागे फिरावं. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये तिवरांची तोड रोखली, 2018 मध्ये बंदी आणखी पक्की केली आणि तिवरांभोवतीचा 50 मीटरचा पट्टाही त्यात घेतला. म्हणजे अरुंद वाडी असेल तर तुम्ही उभे आहात ती जागाही बहुधा त्यातच आली.

राहिलेल्या जागेत सुरू लावावा. हे झाड मुळात आपल्याकडचं नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी ते कारवारच्या किनाऱ्यावर लावलं, ते रेल्वेच्या इंजिनांना सरपण व्हावं म्हणून. पुढे इंजिनं कोळशावर गेली, मग विजेवर गेली, आणि सुरू किनाऱ्यावर उभा राहिला तो राहिलाच. रेतीत वाढतो, खारा वारा सोसतो, चार-पाच वर्षांत तोडायला येतो आणि जळतो असा की चुलीवरचं भांडं धास्तावतं. एकदा तोडला की बुंध्यातून सहसा पुन्हा फुटत नाही, हाच काय तो दोष. कुंपणाला गिरिपुष्प लावावं. पावसाच्या तोंडावर त्याच्या फांद्या मेखांसारख्या ठोकल्या की श्रावणापर्यंत कुंपणालाच पालवी येते. छाटाल तितकं फुटतं, पाला खताला, काटक्या चुलीला. काही ठिकाणी याला उंदीरमारी म्हणतात. वाडीतल्या उंदरांना हे कोणी सांगितलेलं नसतं.

माड मात्र सरपणाच्या यादीत पहिला असायला हवा आणि नेमका तोच लोक विसरतात. चांगला पोसलेला माड महिन्याला साधारण एक झावळी टाकतो. दहा माड असतील तर वर्षाला शंभराच्या वर झावळ्या, शिवाय पोयी, सोडणं, करवंट्या. यासाठी कुऱ्हाड लागत नाही, अर्ज लागत नाही. फक्त खाली उभं राहायचं नाही.

अर्जाचा विषय निघालाच आहे. उत्तनला वलांड्यांवर बोंबील वाळत असले, तरी कायद्याच्या दृष्टीने हे नागरी क्षेत्र आहे. 28 फेब्रुवारी 2002 पासून तर मीरा-भाईंदर ही रीतसर महानगरपालिका आहे. तेव्हा 1975 चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम तुमच्या फणसाला लागू होतो. फणस घराच्या भिंतीवर कलला असेल तर कुऱ्हाड न उचलता पेन उचलावं. वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज, मग पाहणी, मग झाडावर चिकटवलेली नोटीस, मग हरकती. हरकत घेणारा सहसा परका नसतो. सातबाऱ्यावरचा तिसरा मालक असतो, पुण्याहून.

2021 साली कायद्यात दुरुस्ती झाली. त्यात पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा मान मिळाला. हा मान मिळाल्यावर त्याला हात लावणं फार अवघड होतं. म्हणून घरातल्या मोठ्या माणसांनी ‘हा फणस आमच्या लग्नाच्या आधीचा’ असं पाहणीच्या वेळी बोलू नये. त्यांना त्या दिवशी देवदर्शनाला पाठवावं. दुसरी तरतूद अशी की, जितक्या वर्षांचं झाड तोडाल तितकी नवी झाडं लावायची. ती रोपंही बोटभर चालत नाहीत, चांगली सहा ते आठ फुटांची लागतात, आणि सात वर्षं त्यांची निगा राखायची.

हे गणित वाडीमालकाने तोंडपाठ ठेवावं. चाळीस वर्षांचा एक फणस तोडला की चाळीस झाडं आली. चाळीस वर्षांनी तुमच्या मुलाने ती तोडायची म्हटली, तर 1600. दहा गुंठे म्हणजे साधारण 1010 चौरस मीटर. म्हणजे दर झाडाला एक चौरस मीटरसुद्धा येत नाही. पाट मांडून जेवायला बसलेल्या माणसाइतकी जागा. नातवाच्या वाट्याला 64,000 झाडं येतील, आणि तोपर्यंत वाडीत शिरायला वाट उरलेली नसल्यामुळे ती तोडण्याचा प्रश्नच निकालात निघेल. वनीकरणाची याहून खात्रीशीर योजना आजवर निघालेली नाही.

तोडायच्या झाडांची संख्या दोनशेच्या वर गेली की प्रस्ताव राज्य वृक्ष प्राधिकरणाकडे जाईल, असंही 2021 च्या दुरुस्तीत ठरलं होतं. ते काही असो, दहा गुंठेवाल्याने शक्यतो दोनशेच्या आत राहावं. मोठ्यांची गोष्ट वेगळी. मेट्रो 9 ची कारशेड आधी राई-मुर्धा-मोर्व्याला व्हायची होती. गावकऱ्यांनी विरोध केला, ती डोंगरीला गेली, आणि 2025 मध्ये तिथल्या हजारो झाडांवर कुऱ्हाड येणार म्हटल्यावर हरकतींचा पाऊस पडला. तुमच्या एका फणसासाठी कोणी मानवी साखळी करणार नाही. तो तुमचा तुम्हालाच निस्तरायचा आहे.

अर्ज टाळायचा तर एकच मार्ग उरतो, तो म्हणजे वादळाची वाट पाहणं. 17 मे 2021 ला तौक्ते वादळ या किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा ज्यांनी जन्मात अर्ज केला नव्हता त्यांच्याही दारात लाकूड येऊन पडलं. काहींच्या दारात, काहींच्या गाडीवर.

लाकूड हाती आलं की ओलं असतानाच फोडावं. सुरू वाळला की दगड होतो. ओंडका उभा ठेवावा, गाठ कुठे आहे ते पाहावं आणि कडेकडेने फाळ्या काढाव्यात. नवखा मनुष्य बरोबर मध्यावर, गाठीवर घाव घालतो. कुऱ्हाड अडकते, ओंडक्यासकट वर येते आणि कुंपणापलीकडून शेजारची आजी म्हणते, “गाठीवर कशाला मारतोस रे बाबा? बाजूनं घे.” मग ती स्वतःच येते, पदर खोचते, ओंडका पायाने फिरवून घेते, आणि दोन घावांत त्याच्या चार फाळ्या होतात. या प्रसंगाचा फोटो काढू नये. चिंचेचा ओंडका मात्र आजीही फोडत नाही. चिंचेचे धागे एकमेकांत इतके गुंतलेले असतात की खाटीक त्यावर जन्मभर मटण तोडतो आणि तो तुटत नाही. तो खाटकालाच विकावा.

रचाई हा या विद्येचा गाभा आहे. खाली विटा, विटांवर दोन बांबू, बांबूंवर फाळ्या, साल वरच्या बाजूला. जमिनीला टेकलेल्या फाळीवर पहिला हक्क वाळवीचा. रचलेल्या लाकडातून वारा खेळला पाहिजे, म्हणून निळी ताडपत्री फक्त डोक्यावर घालावी, चारी बाजूंनी गुंडाळू नये. गुंडाळली तर आतल्या आत बुरशी धरते. बाजूंना कोळीवाड्यातून मागून आणलेलं फाटकं जाळं ताणून बांधावं. वारा आत जातो, फाळी बाहेर येत नाही. दिवाळीपासून मेपर्यंत लाकूड वाळतं आणि जूनपासून चार महिने हवेतून तेच पाणी परत पितं. वाळलं की नाही हे ओळखायला दोन फाळ्या एकमेकींवर आपटाव्यात. टण् आवाज आला तर वाळलं, थप् आला तर नुसता धूर. फाळी ओढण्याआधी काठीने ठोकून पाहावं, आत थेट हात घालू नये. फुरसं आणि घोणस या दोघांनाही रचलेलं लाकूड आवडतं, आणि त्यांनाही तुमचा मूळ सिद्धान्त मान्य असतो की हे जाळायचं नाही.

सिद्धान्ताला अपवाद दोनच. होळीच्या आदल्या आठवड्यात गावातली पोरं रात्री लाकूड उचलतात. ती चोरी नसते, त्यामुळे तक्रारही करता येत नाही. सुरू मागे रचून चिंच पुढे ठेवावी. दुसरा अपवाद मे महिन्यात, ईस्ट इंडियन घरांतून बाटली मसाल्याच्या मिरच्या भाजायच्या असतात तेव्हा. ते काम गॅसवर होत नाही. त्या दिवशी शेजारची आजी येते, फाळ्या वाजवून पाहते आणि तुमच्या साठ्यातल्या नेमक्या चांगल्या घेऊन जाते. मोबदल्यात मसाल्याची एक बाटली मिळते. वर्षभराच्या श्रमाचं एवढं एकच उत्पन्न, आणि ते सातबाऱ्यावरच्या सात जणांत वाटायचं नसतं.

अवजारांची शेड पत्र्याची आणि दिसायला तात्पुरती असावी. शेजारी सात मजले चढले तरी चालतं, पण तुमच्या शेडला चौकट बसली की अनधिकृत बांधकामाची नोटीस येऊ शकते. समुद्राच्या वाऱ्याने लोखंड एका पावसात तांबडं होतं. कोयता, कुऱ्हाड, पहार, फावडं यांना मेअखेरीस पॉलिश पेपर मारून वर ग्रीसचा हात द्यावा. ग्रीस नसेल तर खोबरेल चालतं, मात्र मग मुंग्या येतात आणि अवजारांना देवघराचा वास येतो. कुऱ्हाडीचा दांडा ढिला झाला तर रात्री पाण्यात बुडवून ठेवणं हा आळशी उपाय आहे. लाकूड फुगतं, सकाळी घट्ट वाटतं, दुपारी वाळून पातं सुटतं. नवी पाचर ठोकावी.

कटर मशीन घेतलंच असेल तर पावसाळ्याआधी टाकी रिकामी करावी, इंजिन बंद पडेपर्यंत चालवावं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतली ओल शोषतं आणि तळाशी पाणी बसतं. टूटी ऑइल मोजून घालावं, अंदाजाने नाही. मशीन वाडीत आहे हे गावभर कळायला एक रविवार पुरतो. कोणी मागायला आलं तर नम्रपणे “बिघडलंय” म्हणावं. दसऱ्याच्या सुमारास हे बहुतेक खरंही असतं.