युवराज डॉल्फिन

फ्रान्सच्या गादीच्या वारसाला ‘दोफँ’ म्हणत. आपण त्याचं ‘युवराज’ असं भारदस्त भाषांतर करून मोकळे होतो. शब्दाचा अर्थ मात्र सरळ डॉल्फिन! वारसाच्या ढालीवरही दोन घरांत फ्रान्सची लिलीची फुलं आणि उरलेल्या दोन घरांत पाठीत वाकलेला डॉल्फिन असे.

हा जलचर आला कुठून, तर आल्प्सच्या डोंगरातून. बाराव्या शतकात ग्रनोब्लकडच्या मुलखात चौथा गीग नावाचा सरदार होता. त्याच्या नावाला ‘दोफँ’ चिकटलं. वंशजांनी नावाची पदवी केली, पदवीला शोभेल म्हणून ढालीवर प्राणी चितारला, आणि समुद्राचं दर्शनही नसलेला मुलूख ‘दोफिने’ झाला.

घराण्यातला शेवटचा दुसरा उंबेर. एकुलता एक मुलगा लहानपणीच गेलेला, डोक्यावर कर्जाचा डोंगर. १३४९ मध्ये त्याने वतन फ्रान्सच्या राजघराण्याला विकलं आणि स्वतः डॉमिनिकन संन्यासी झाला. वतन मिळालं राजाचा नातू चार्ल्स याला, पदवीसकट. घर विकत घ्यावं आणि कर्जबाजारी मालकाची पाटी जवळजवळ पाचशे वर्षं दारावर मिरवावी, तशातली गत.

पदवी लाभलीच पाहिजे असं नव्हतं. चौदाव्या लुईचा मुलगा जन्मभर दोफँच राहिला. त्याच्या शिक्षणासाठी लॅटिन ग्रंथ सोवळे करून छापले, मुखपृष्ठावर ‘डॉल्फिनच्या उपयोगासाठी’ अशा अर्थाचे लॅटिन शब्द. रोमन कवी मार्शलच्या कवितांमधला चावटपणा तर वेचून शेवटी एकत्र दिला. म्हणजे युवराजांना शोधाशोध नको! इतकी तयारी करूनही १७११ मध्ये ते देवीच्या रोगाने गेले; वडील अजून गादीवरच. वर्षभरात पुढचे दोन दोफँही गेले आणि पदवी दोन वर्षांच्या पोरावर येऊन थांबली. तो मात्र पंधरावा लुई झाला.

१८३० मध्ये पदवी संपली, शब्द नाही. फ्रान्सच्या सौंदर्यस्पर्धेत मुकुट हुकलेल्या पहिल्या मुलीला आजही ‘पहिली दोफिन’ म्हणतात.

आणि पॅरिसच्या हॉटेलात ‘ग्रातँ दोफिन्वा’ हे नाव वाचून कुणा शाकाहारी पाहुण्याने दचकू नये. त्यात बटाटे, दूध, साय आणि लसूण असतो.